उघड्या वाहिनीवरील अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या दूध प्रक्रिया प्रकल्पातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, म्हणजेच ईटीपीच्या, शेवटच्या टोकाला आम्ही आठ महिन्यांपूर्वी अल्ट्रासॉनिक पद्धतीचा फ्लो मीटर, म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्याचा प्रवाह मोजणारे यंत्र, बसवला. केंद्राची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे खरेदीपासून प्रोग्रॅमिंगपर्यंतचे सर्व टप्पे मी जवळून पाहिले. उत्पादक कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण आलेल्या अडचणींपैकी बहुतेक उभारणीच्या वेळी झालेल्या घाईतून आल्या, आणि या किमतीच्या गटातील जवळजवळ सर्व यंत्रांची रचना सारखीच असल्याने येथे लिहिलेले अनुभव अन्य कोणत्याही नावाच्या यंत्रालाही लागू पडतील.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या सतरा गटांना सांडपाण्याची ऑनलाइन मोजणी सक्तीची केली, तेव्हापासून या यंत्रांची मागणी वाढली. दूध उद्योग त्या सतरा गटांत मोडत नाही. परंतु आमच्या प्रदूषण नियंत्रणाच्या संमतिपत्रात सांडपाण्याची रोजची मर्यादा ४०० घनमीटर अशी लिहिलेली आहे आणि तिचा हिशेब रोज ठेवावा लागतो. त्यामुळे आकडा दहा टक्क्यांनी इकडेतिकडे झाला, तर आमच्यासाठी तो किरकोळ प्रश्न राहत नाही.

यंत्राचे दोन भाग आहेत. एक सेन्सर, जो पाण्याच्या वर टांगलेला असतो आणि पाण्याला कधीही स्पर्श करत नाही. दुसरा ट्रान्समीटर, ज्यावर चार बटणे आणि दोन ओळींचा पडदा आहे. सेन्सर ध्वनीचा एक ठोका खाली सोडतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि मधल्या वेळेवरून अंतर काढतो. सेन्सर प्रत्यक्षात एवढेच मोजतो. पाण्याचा वेग त्याला कळत नाही आणि परिमाणही कळत नाही. प्रवाहाचा आकडा तयार होतो तो खाली बसवलेल्या पार्शल फ्ल्यूममुळे. राल्फ पार्शल या सिंचन अभियंत्याने कोलोरॅडोमध्ये १९२० च्या दशकात कालव्यांचे पाणी मोजण्यासाठी विकसित केलेली ही वाहिनी आधी अरुंद होत जाते, मग घशातून, म्हणजे सर्वांत अरुंद भागातून, पाणी खाली सोडते, आणि घशाच्या अलीकडे, पाणी येते त्या बाजूला, ठराविक जागी पाण्याची उंची किती आहे यावरून प्रवाह ठरतो. आमचा फ्ल्यूम तीन इंची घशाचा, फायबरग्लासचा आहे. त्याचे सूत्र असे, की मीटरमध्ये मोजलेल्या उंचीचा, म्हणजे हेडचा, १.५४७ वा घात काढून त्याला ६३५.५ ने गुणले की ताशी घनमीटरमध्ये प्रवाह मिळतो. १० सेंटिमीटर हेडला हा प्रवाह ताशी १८ घनमीटर होतो. हेड साडेदहा सेंटिमीटर धरला, तर तोच आकडा साडेएकोणीसच्या जवळ जातो. पाच मिलिमीटरची चूक प्रवाहात जवळजवळ आठ टक्के होऊन उतरते. यंत्र विकत घेणाऱ्याने पत्रकातील अचूकतेचा आकडा वाचण्यापूर्वी हे गणित स्वतः करून पाहावे, असे मला मनापासून वाटते. आमच्या पत्रकावर ‘०.२५ टक्के’ असे ठळक छापलेले होते. ती टक्केवारी सेन्सरच्या पूर्ण पल्ल्याची होती आणि त्याखालीच ‘किंवा ६ मिलिमीटर, यांपैकी जे अधिक असेल ते’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मोठ्या टाकीची पातळी मोजताना सहा मिलिमीटर चालून जातात. तीन इंची फ्ल्यूममध्ये ते चालत नाहीत. म्हणून आम्ही तीच ऑर्डर बदलून एक मिलिमीटर अचूकतेचे, कमी पल्ल्याचे मॉडेल मागवले, आणि हा निर्णय पुढे सर्वांत उपयोगाचा ठरला.

उभारणीच्या दिवशी पहिली चूक सेन्सरच्या उंचीची झाली. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने सोयीचे म्हणून वरच्या रेलिंगलाच ब्रॅकेट जोडले, त्यामुळे सेन्सर फ्ल्यूमच्या तळापासून १.२ मीटर उंचीवर आला. सेन्सरमधून निघणारा ध्वनी सरळ रेषेत न जाता शंकूसारखा पसरत जातो. आमच्या सेन्सरचा हा शंकू १० अंशांचा आहे, म्हणजे १.२ मीटर खाली त्याचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर होतो. आणि फ्ल्यूमची त्या जागेची रुंदी जेमतेम २० सेंटिमीटर आहे. साहजिकच काठांवरून खोटे प्रतिध्वनी येऊ लागले आणि पडद्यावरचा आकडा स्थिर होईना. सेन्सर खाली आणायलाही मर्यादा असते, कारण त्याच्या तोंडाशी लागून ३० सेंटिमीटरचा पट्टा असा असतो ज्यात तो काहीच ऐकू शकत नाही. यालाच ब्लँकिंग म्हणतात. आमचा अपेक्षित कमाल प्रवाह ताशी ६० घनमीटर, त्याला हेड सुमारे २२ सेंटिमीटर, त्यात ब्लँकिंगचे ३० मिळवले की ५२ होतात. म्हणून आम्ही सेन्सर तळापासून ६० सेंटिमीटरवर आणला. त्या उंचीवर शंकूचा व्यास साडेदहा सेंटिमीटरच राहतो आणि पाण्याचा पृष्ठभाग निर्वेध दिसतो. सेन्सरची आडवी जागाही महत्त्वाची आहे. तीन इंची पार्शलमध्ये हेड मोजण्याची जागा घशाच्या सुरुवातीपासून अरुंद होत जाणाऱ्या भिंतीच्या दोन-तृतीयांश लांबीवर, म्हणजे ३१ सेंटिमीटर मागे असते. घशाच्या थेट वर सेन्सर लावलेले फ्ल्यूम मी अन्यत्र पाहिले आहेत. तेथे पाणी आधीच खाली वळू लागलेले असते आणि मिळणारा हेड खरा नसतो.

प्रोग्रॅमिंगला, खरे सांगायचे तर, वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. मेनूमध्ये एकक, मोजणीच्या साधनाचा प्रकार, घशाचा आकार, रिकाम्या वाहिनीपर्यंतचे अंतर, कमाल हेड, कमाल प्रवाह, टोटलायझरचा, म्हणजे एकूण पाण्याची बेरीज ठेवणाऱ्या मोजणीचा, गुणक आणि आउटपुटच्या मर्यादा एवढेच भरायचे असते. पार्शल फ्ल्यूम आणि व्ही-नॉच (इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेला बांध) यांचे सर्व प्रचलित आकार यंत्राच्या स्मृतीत आहेत, त्यामुळे सूत्र हाताने भरावे लागत नाही. तरीही मी त्यातील गुणक आणि घातांक उघडून पाहिले आणि हाताने केलेल्या गणिताशी ताडले, कारण नव्वद अंशांच्या व्ही-नॉचचा घातांक २.५ असतो आणि यादीत चुकून शेजारची ओळ निवडली गेली, तर यंत्र कोणतीही तक्रार न करता चुकीचा आकडा दाखवत राहते. मेनूतील भाषा मोघम आहे, हा मात्र दोष म्हणावा लागेल. ‘रिकामे अंतर’ नेमके कोठपर्यंतचे, हे पुस्तिकेत एका आकृतीत नीट दाखवले आहे, पण पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

आमच्याकडे मुख्य घोळ झाला तो याच रिकाम्या अंतराचा. तंत्रज्ञाने वाहिनी कोरडी करून सेन्सरला खालचा तळ दाखवला, यंत्राने अंतर स्वतःच वाचले, आणि तोच शून्य म्हणून नोंदवला गेला. फ्ल्यूमचा शून्य मात्र सेन्सरखालच्या तळाचा नसून घशाच्या सुरुवातीच्या कडेचा धरायचा असतो. फ्ल्यूम अगदी समतल बसलेला असेल, तर दोन्ही एकाच पातळीत येतात. आमचा बसलेला नव्हता. काँक्रीट भरताना फायबरग्लासचा हलका साचा पाणी येते त्या बाजूने थोडा दबला असावा. गवंड्याने लेव्हलची पारदर्शक नळी लावून तपासले, तेव्हा सेन्सरखालचा तळ घशाच्या कडेपेक्षा सहा मिलिमीटर खाली निघाला. त्यामुळे यंत्र प्रत्येक वेळी खऱ्या हेडमध्ये सहा मिलिमीटर मिळवत होते. आमचा नेहमीचा प्रवाह ताशी १५ घनमीटर, त्याचा हेड ८९ मिलिमीटर. तेथे ९५ वाचले गेले की प्रवाह दहा टक्क्यांहून अधिक फुगतो. रोजचे ३४५ घनमीटर पाणी नोंदवहीत ३८० लिहिले जात होते, आणि ४०० च्या मर्यादेला आपण टेकलो आहोत या चिंतेने आम्ही विनाकारण धुलाईच्या पाण्यावर काटछाट करत होतो.

हे उघडकीस आले ते टाकीच्या चाचणीमुळे, आणि अशी चाचणी प्रत्येकाने करावीच. फ्ल्यूमनंतर आमची शुद्ध पाण्याची टाकी आहे, तिचे क्षेत्रफळ ७.५ चौरस मीटर. टाकीचा पंप बंद ठेवून वीस मिनिटांत पाणी किती चढते ते आम्ही स्टीलच्या पट्टीने मोजले. पाणी ६४ सेंटिमीटर चढले, म्हणजे ४.८ घनमीटर, टोटलायझरने त्याच वेळात ५.३ मोजले होते. घशाच्या कडेनुसार शून्य दुरुस्त केल्यावर तेवढ्याच पाण्याला यंत्राने ४.९२ दाखवले. अडीच टक्क्यांचा हा फरक मला समाधानकारक वाटतो. वाकडा बसलेला फ्ल्यूम प्रोग्रॅममधून सरळ होत नाही, तो पुन्हा समतल बसवणे हाच खरा उपाय आहे, आणि ते काम वार्षिक देखभालीच्या वेळी करण्याचे आम्ही ठरवले आहे.

उन्हाचा परिणाम मला अपेक्षेपेक्षा अधिक दिसला. हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो आणि दर अंशाला तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. यंत्र तापमान मोजून ही दुरुस्ती करते, पण तापमानाचा घटक सेन्सरच्याच कवचात आहे. दुपारी कवच तापले आणि त्याने हवेपेक्षा दहा अंश जास्त वाचले, तर अर्ध्या मीटरच्या अंतरात आठ मिलिमीटरची चूक होते आणि आमच्या हेडला प्रवाह सुमारे १४ टक्क्यांनी कमी दिसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत दुपारी दोननंतर आलेख खाली बसायचा आणि प्रकल्पात काम कमी झाल्याचा समज व्हायचा. पांढरा रंग दिलेल्या पत्र्याचे छोटे छप्पर सेन्सरवर बसवल्यावर हा उतार गेला. असे छप्पर यंत्रासोबतच द्यायला हवे. ते वेगळे विकण्याची पद्धत मला पटत नाही.

दुधाच्या सांडपाण्यावर येणारा फेस हा दुसरा त्रास. फेस ध्वनी शोषून घेतो आणि प्रतिध्वनी हरवतो. अशा वेळी यंत्राने काय करावे हे मेनूत ठरवता येते: शेवटचा आकडा धरून ठेवावा, की दोषाचा इशारा द्यावा. कारखान्यातून आलेल्या सेटिंगमध्ये शेवटचा आकडा अमर्याद वेळ धरून ठेवला जात होता, जे मोजणीच्या प्रामाणिकपणाला धरून नाही. आम्ही ती मुदत दोन मिनिटांची केली आणि त्यानंतर इशारा येईल असे ठेवले. बदल झेलण्याचा वेग, म्हणजे डॅम्पिंग, तीस सेकंदांवर ठेवल्याने लाटांचा थरकापही आकड्यात उतरत नाही. दहा मिलिमीटरखालचा हेड शून्य मानण्याची सोयही वापरावी. अन्यथा शून्यात तेवढीच चूक असली, तर कोरड्या वाहिनीतही यंत्र दिवसाला बारा घनमीटर पाणी मोजत राहते.

एक गोष्ट मात्र कोणतेही प्रोग्रॅमिंग सांभाळू शकत नाही. फ्ल्यूमच्या पुढचे पाणी फुगून मागे चढले आणि त्याची उंची वरच्या हेडच्या निम्म्याहून जास्त झाली, तर तीन इंची पार्शलचे साधे सूत्र लागू राहत नाही. एकच सेन्सर असलेल्या यंत्राला हे कळण्याचा मार्गच नसतो. ते वाढलेल्या पातळीला वाढलेला प्रवाह समजते. बागेचा पंप नादुरुस्त झाला त्या दिवशी टाकी काठोकाठ भरून आमच्याकडे नेमके हेच घडले. त्यानंतर टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीसोबत तरंगत चालू-बंद होणारा स्विच, बसवून घेतला.

आउटपुटच्या जोडणीत एक दिवस गेला. ट्रान्समीटर प्रवाहाचा आकडा विजेच्या संकेताने पुढे पाठवतो. त्यावर २० मिलिअँपच्या कमाल संकेताला ६० घनमीटर असे ठरवलेले होते, तर डेटा लॉगर, म्हणजे आकडे नोंदवून ठेवणारे यंत्र, बसवणाऱ्याने त्याच्या बाजूला १०० भरले होते. त्यामुळे यंत्रावर १५ आणि संगणकावर २५ असे आकडे दिसत होते. पुढे आम्ही आरएस-४८५ या जोडणीवरून मॉडबसने, म्हणजे यंत्रांमध्ये आकडे पाठवण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीने, आकडे घेतले, तेव्हाही एकाच आकड्याच्या तुकड्यांचा (त्यांना ‘शब्द’ म्हणतात) क्रम उलटा वाचला जाऊन अर्थहीन संख्या आल्या. दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच वेळी समोर उभे केल्यावर हा प्रश्न दहा मिनिटांत सुटला.

विक्रीनंतरची सेवा मध्यम दर्जाची वाटली. तंत्रज्ञ फोनवर नम्रपणे बोलतात आणि येतातही, पण प्रत्यक्ष भेटीचे दुसऱ्या खेपेपासून पैसे घेतात, आणि टाकीच्या चाचणीसाठी थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. सेटिंगचा पासवर्डही मागितल्याशिवाय मिळाला नाही. तो देयक चुकते करण्यापूर्वीच लेखी घ्यावा. यंत्र स्वतः मात्र या आठ महिन्यांत एकदाही बंद पडलेले नाही, वीज गेल्यावर टोटलायझरचा आकडा पुसला गेलेला नाही, आणि पावसाळ्यात ट्रान्समीटरच्या पेटीत ओल शिरली नाही. सध्या आमचा ऑपरेटर दर सोमवारी फ्ल्यूमच्या भिंतीवरचे शेवाळ ब्रशने काढतो, भिंतीवर रंगवलेल्या शून्याच्या खुणेपासून स्टीलच्या पट्टीने हेड मोजतो आणि पडद्यावरच्या आकड्याशेजारी तो वहीत लिहितो. शून्य दुरुस्त केल्यापासून या दोन रकान्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलेले नाही.