वेबस्फिअर नेटवर्क डिप्लॉयमेंट ९: चालू होतं झटक्यात, थांबताना कस काढतं

आयबीएमच्या, जावा अ‍ॅप्स चालवणाऱ्या वेबस्फिअर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरची नेटवर्क डिप्लॉयमेंट आवृत्ती इथे एकाच अंगाने पाहिली आहे: क्लस्टर (एकच अ‍ॅप मिळून चालवणाऱ्या सर्व्हरांचा गट) चालू करणं आणि बंद करणं. सोलापुरात एखाद्या बँकेच्या किंवा चिंचोळीतल्या टॉवेल कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये बहुतेकदा एकच माणूस असतो. पुण्याहून कुणी यायचं म्हटलं तर अडीचशे किलोमीटर. त्यामुळे या उत्पादनाची परीक्षा वीज गेल्यावर यूपीएसच्या शेवटच्या वीस मिनिटांत होते. चालू करण्याला पाचपैकी साडेचार, बंद करण्याला तीन.

चालू करण्याचा क्रम एकदा पाठ झाला की डोकं लावावं लागत नाही. आधी डेटाबेस, मग सगळ्यांचं कॉन्फिगरेशन सांभाळणारा डिप्लॉयमेंट मॅनेजर (कमांड स्टार्टमॅनेजर), मग प्रत्येक मशीनवर तिथले सर्व्हर सांभाळणारा नोड एजंट (स्टार्टनोड), मग क्लस्टरचे सदस्य, सगळ्यात शेवटी वेब सर्व्हर. मॅनेजर बंद असला तरी सदस्य चालतात, ही मोठी सोय आहे. पण मॅनेजर आधी उठवला की नोड एजंटला ताजं कॉन्फिगरेशन मिळतं आणि जुन्या सेटिंगवर सर्व्हर उठण्याची भानगड टळते.

एका मशीनवर चार जेव्हीएम (जावा चालवणाऱ्या प्रोसेस, इथे दर सर्व्हरला एक) असतील तर चौघांना एकदम उठवू नका. सगळे एकाच वेळी क्लास लोड करू लागले की सीपीयू शंभरावर जातो आणि लॉगमध्ये एचएमजीआर०१५२डब्ल्यू, म्हणजे सीपीयूची उपासमार झाल्याची सूचना, दिसू लागते. दोन-दोन करून उठवलेले बरे.

‘ओपन फॉर ई-बिझनेस’ ही सर्व्हर उठल्याची ओळ लॉगमध्ये दिसली की अनेक जण वेब सर्व्हर चालू करून मोकळे होतात. घाई आहे ती. अ‍ॅप पार्श्वभूमीत सुरू होण्याची मुभा दिलेली असेल तर ही ओळ आधी येते आणि अ‍ॅप नंतर उठतं. आपल्या अ‍ॅपच्या नावासह डब्ल्यूएसव्हीआर०२२१आय, म्हणजे अ‍ॅप सुरू झाल्याची सूचना, येईपर्यंत थांबा.

आता बंद करण्याकडे. सिक्युरिटी चालू असेल तर स्टॉपसर्व्हरला युजर-पासवर्ड लागतो. तो कमांडमध्ये लिहिला की पीएस (चालू प्रोसेसची यादी) करणाऱ्या कुणालाही दिसतो, म्हणून सोप डॉट क्लायंट डॉट प्रॉप्स या फाइलमध्ये ठेवून प्रॉपफाइलपासवर्डएन्कोडरने झाकायचा. झाकायचाच म्हणतोय, कारण ती एक्सॉर पद्धत आहे, खरं कुलूप नव्हे. फाइलच्या परवानग्या घट्टच ठेवा. ही फाइल प्रत्येक प्रोफाइलची (मॅनेजरच्या किंवा नोडच्या कॉन्फिगरेशनच्या संचाची) वेगळी असते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला आणि तीनपैकी एका प्रोफाइलमध्ये जुनाच राहिला, तर तो नोड नेमका घाईच्या वेळी थांबायला नकार देतो.

त्याहून फसवा तो वेळ संपल्याचा एरर. सोप विनंतीची (कमांड सर्व्हरला पाठवते त्या निरोपाची) मुदत मुळात १८० सेकंदांची असते. सर्व्हर हातातली कामं संपवत असेल आणि तीन मिनिटं उलटली, तर कमांड एरर देऊन परत येते, पण सर्व्हर आत थांबण्याच्या वाटेवरच असतो. इथे लगेच किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने संपवणारी कमांड) मारणारे निम्मी डोकेदुखी स्वतःच ओढवून घेतात. आधी लॉग पाहा. तिथे डब्ल्यूएसव्हीआर०६०५डब्ल्यू असेल तर कुठला तरी थ्रेड (कामाचा धागा) अडकलाय, बहुतेक वेळा डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत. किल -३ तीनदा, तीस-तीस सेकंदांच्या अंतराने देऊन जावाकोअर (त्या क्षणी कुठला थ्रेड काय करतोय याची नोंद) घ्या, म्हणजे उद्या पुरावा हातात राहतो. मग मॅनेजरच्या कन्सोलवरून ‘स्टॉप इमिजिएट’, तेही नाही जमलं तर ‘टर्मिनेट’. कन्सोलच्या या दोन्ही पर्यायांसाठी त्या मशीनवरचा नोड एजंट जिवंत हवा. म्हणून बंद करताना एजंट सदस्यांच्या नंतर आणि मॅनेजर त्याच्याही नंतर.

किल -९ नंतर आणखी एक गंमत. मारलेला सर्व्हर मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा उठून बसतो, कारण नोड एजंटला वाटतं तो कोसळला. मॉनिटरिंग पॉलिसीतला ‘ऑटोमॅटिक रिस्टार्ट’ चालू असल्याचा हा परिणाम. तिथेच ‘नोड रिस्टार्ट स्टेट’ आहे, आणि ते मुळात ‘स्टॉप्ड’ असतं. ते तसंच राहिलं तर मशीन रीबूट होऊन एजंट उठला तरी सदस्य झोपलेलेच. ‘रनिंग’ ठेवलं तर मुद्दाम बंद ठेवलेला सर्व्हरही जागा होतो. बहुतेकांना ‘प्रीव्हियस’, म्हणजे आधी होता तसा, योग्य.

वीज जाऊन सगळं आडवं झालं असेल तर उठवण्याआधी ट्रॅनलॉग (व्यवहारांच्या नोंदी) फोल्डरला हात लावू नका. अर्धवट राहिलेले व्यवहार त्यातूनच पूर्ण होतात किंवा मागे फिरतात. फोल्डर पुसलं तर डेटाबेसमध्ये कुलूप लागलेल्या ओळी तशाच पडून राहतात. एडीएमयू३०२७ई, म्हणजे ‘सर्व्हर कदाचित आधीच चालू आहे’, असं आलं तर आधी जुनी जावा प्रोसेस मागे राहून पोर्ट धरून बसलीय का ते बघा. आणि कितीही घाई असो, रूट होऊन स्टार्टसर्व्हर चालवू नका. लॉग, पीआयडी आणि ट्रॅनलॉगच्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी नेहमीच्या युजरने सर्व्हर उठतच नाही. चाऊन कमांडने मालकी परत दिली की सुटतं, पण तोवर काउंटरवरची रांग बाहेर आलेली असते.

‘रिपल स्टार्ट’ बटणावर फार भिस्त ठेवू नये. ते सदस्यांना एकेक करून थांबवून पुन्हा उठवतं, पण वापरकर्त्यांची सेशन्स रिकामी होण्याची वाट बघत नाही. सेशन रेप्लिकेशन (सेशनची प्रत दुसऱ्या सदस्याकडे) नसेल तर अर्धी भरलेली पावती गेली. शांतपणे काढायचं तर वेब सर्व्हरमधल्या, विनंत्या वाटणाऱ्या प्लगइनच्या फाइलमध्ये त्या सदस्याचं वजन शून्य करा. जुनी सेशन्स त्याच्याकडेच जात राहतात, नवी येत नाहीत. प्लगइन ही फाइल दर ६० सेकंदांनी वाचतं, वेब सर्व्हर रीस्टार्ट नको. मग सेशनची मुदत, मुळातली ३० मिनिटं, जाऊ द्या आणि थांबवा. हे सगळं एरवी रात्री करावं लागतं. सोलापूरकरांना जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची सुट्टी आहे, पूर्ण क्लस्टर खाली घ्यायचा तर ती धरा.

दोनच जेव्हीएम असतील तर हा पसारा घेऊ नका, त्याच कंपनीचं हलकं लिबर्टी सर्व्हर पुरतं. परवान्याचा हिशोब प्रोसेसरच्या क्षमतेवर असतो, तेव्हा मशीन मोठी केली की बिलही फुगतं.

आणि बॅकअपकॉन्फिग. नाव साधं, पण ही कमांड बॅकअप घेण्याआधी त्या नोडवरचे सर्व्हर आपणहून बंद करते. दिवसा चालवायची असेल तर पुढे ‘-नोस्टॉप’ लावा.