आठवड्याचं इंजिनिअरिंग शिबिर: तयार किट घ्यावं की सुटं सामान?

मार्च सरत आला की विचारणा सुरू होते. कुणाची सोसायटी, कुणाचा पालक संघ, कुणाचं वाचनालय मे महिन्यात मुलांसाठी इंजिनिअरिंगचं शिबिर घ्यायचं ठरवतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोबोटिक्सची तयार किट आणायची, की मोटारी, पुठ्ठे, काड्या असं सुटं सामान गोळा करायचं? जागा, वेळ, फी, नाश्ता हे ज्याचं त्याला जमवता येतं. या एका निवडीवर मात्र मुलं आठवडाभर काय करत बसणार हे ठरतं. मी रत्नागिरीत दोन्ही तऱ्हेची शिबिरं घेतली आहेत, साधारण पाचवी ते आठवीच्या मुलांची. त्यात निम्मी मुलं इथली आणि निम्मी सुट्टीत आजोळी आलेली. त्या अनुभवावरून लिहितो आहे. तुमची मुलं वेगळी असतील, तुमच्याकडची माणसं वेगळी असतील, तेवढी सूट धरून वाचा.

आधी किटचं जे चांगलं आहे ते मोकळेपणानं सांगतो. लेगोचं माइंडस्टॉर्म्स हे रोबोट जोडायचं किट १९९८ साली आलं आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीनं ते थांबवलं. आता शाळांमधून त्याच घराण्यातलं स्पाइक प्राइम दिसतं. त्यातल्या मोटारीला आपण किती अंश फिरलो हे कळतं. मुलाला ‘नव्वद अंश फिर’ असं सांगता येतं आणि ती तितकीच फिरते. अंतर मोजणारा सेन्सर लावला की भिंत जवळ आल्यावर गाडी आपोआप थांबते. यंत्रानं आजूबाजूचं बघून स्वतःला सावरणं, ही कल्पना पुठ्ठ्यातून शिकवायची तर आठवडा पुरत नाही. किटमध्ये ती दुसऱ्याच दिवशी मुलांच्या हातात येते. प्रोग्रॅमही स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेसारखा, पडद्यावरचे ठोकळे जोडून होतो, त्यामुळे टायपिंगची अडचण नाही. आयोजकाच्या बाजूनं पाहिलं तर कुणाचा हात भाजत नाही, कचरा होत नाही आणि दोन माणसं वीस मुलं सांभाळू शकतात.

किटबद्दल नेहमीच्या ज्या तीन तक्रारी असतात, म्हणजे किंमत, वीज आणि लॅपटॉप, त्यांवर मी फार अडून बसणार नाही. तिन्हींवर तोड निघते. शाळेत मुलांना वस्तू करून बघता याव्यात म्हणून केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ मध्ये सुरू झाली. त्यात शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. त्यामुळे आसपासच्या एखाद्या शाळेत अशी किट असण्याची शक्यता बरीच आहे आणि सुट्टीत ती कपाटातच असतात. शब्द टाकून बघावा. आम्हीही एका शाळेकडून मागूनच आणली होती.

माझं मन फिरलं ते संध्याकाळच्या मोजणीमुळे.

एका डब्यात पाचशेहून जास्त तुकडे. त्यातल्या काळ्या पिना बोटाच्या पेराहून लहान आणि फरशीच्या फटीत सहज जाणाऱ्या. वस्तू मागून आणलेली, त्यामुळे रोज डबा पुरा भरलाच पाहिजे. आपल्या पैशानं घेतली असती तरी पुढच्या वर्षासाठी मोजावीच लागली असती. पाचला शिबिर सुटायचं, म्हणून साडेचारला आम्ही ‘चला, सोडवा’ म्हणायचो. नेमकी हीच वेळ अशी असते, की दिवसभर अडलेलं काहीतरी सुटायला लागलेलं असतं. एका गटाची गाडी दिवसभर उतारावरून उलटत होती. सव्वाचारच्या सुमाराला त्यांनी बॅटरीचा ठोकळा मागे सरकवला आणि ती पहिल्यांदा सरळ खाली आली. उतार आणखी वाढवून बघायचा होता. ‘सर, एकदाच!’ आणि मी हातात तुकड्यांची यादी घेऊन उभा. पुढचा अर्धा तास ती मुलं कपाटाखाली हात घालून दोन पिना शोधत होती. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पहिल्यापासून जोडायची, तोवर कालचा उतार डोक्यातून गेलेला.

ही मोजणी संध्याकाळपुरती राहत नाही, ती दिवसभराच्या बोलण्यात उतरते. ‘ओढू नको’, ‘वाकवू नको’, ‘तो तुकडा कुठं गेला?’ मोठ्यांच्या तोंडी हीच वाक्यं आली की मुलं जपून वागायला लागतात, आणि जपून वागणारं मूल धाडसानं काही करून बघत नाही. पट्टी दोन बोटं लांब हवी असेल तर नाही, डब्यात आहे तेवढीच. चाक मोठं हवं असेल तर तेही नाही. तिसऱ्या दिवशी मी खोलीभर नजर टाकली तेव्हा सगळ्या गटांच्या गाड्या एकसारख्या दिसत होत्या. शेवटच्या दिवशी आईवडील आले, गाड्या पाहिल्या, फोटो काढले आणि त्यांच्यासमोरच आम्ही सगळं सुटं करून डब्यात भरलं. मुलांच्या हाती प्रमाणपत्र राहिलं. मला ते आवडलं नाही.

हे एवढं जड का वाटावं, असं कुणी म्हणेल. ज्यांना किटसाठी वेगळी खोली मिळते, जिथे जोडलेली गाडी तशीच रात्रभर टेबलावर राहू शकते, त्यांना हा त्रास निम्मा होईल. आमच्याकडे शाळेचा वर्ग होता आणि संध्याकाळी तो मोकळा करून द्यावा लागायचा.

आता सुट्या सामानाकडे. आपल्याकडे याची परंपरा चांगली आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२ मध्ये गावच्या शाळांसाठी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करायला शिकवू लागले. चौकोन दाबला की कलंडतो, त्यात एक तिरकी काडी घातली की हलत नाही. पुलांच्या कैचीमागचं, म्हणजे त्रिकोणांच्या सांगाड्यामागचं, सगळं तत्त्व त्या एका काडीत आहे. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून गावातल्या मुलांना खऱ्या कामातूनच तंत्र शिकवलं. म्हणजे स्वस्त मिळतं म्हणून केलेली ही तडजोड नव्हे, विचारपूर्वक निवडलेली वाट आहे.

आमच्या शिबिरात मला सर्वांत समाधान दिलं ते पुलाच्या दोन दिवसांनी. रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेचा पानवलचा पूल आहे, ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच. दरी इतकी खोल, की खालून आधार उभारून वर स्लॅब टाकणं कठीण. म्हणून पुलाचा भाग एका टोकाला जमिनीवर तयार करायचा, पुढे ढकलायचा, मागे नवा भाग जोडायचा, पुन्हा ढकलायचा. ही पद्धत आपल्या देशात पहिल्यांदा तिथे वापरली गेली. मुलांनी हे ऐकलं आणि विटांचे खांब रचून पुठ्ठ्याची पोकळ पेटी टेबलावरून ढकलायला सुरुवात केली. पेटी पुढच्या खांबापर्यंत पोचायच्या आधीच नाकावर आपटायची. एका गटानं मागच्या टोकावर वीट ठेवली. आपटणं थांबलं, पण विटेच्या वजनानं पुठ्ठा चेपला आणि ढकलणं अवघड झालं. दुसऱ्या गटातल्या सहावीच्या मुलीनं खराट्याच्या काड्यांचा हलका सांगाडा पेटीच्या तोंडाला बांधला. तो आधी खांबावर टेकला आणि पाठोपाठ पेटी सुखरूप पोचली. खऱ्या पुलांच्या कामातही तोंडाशी असंच हलकं पोलादी नाक जोडतात. ते मी तिला नंतर सांगितलं, आधी नाही.

किटमध्ये हे होणार नाही असं नाही. पण त्या दोन दिवसांत किती पुठ्ठा फुकट गेला ते पाहिलं, तर मोजून दिलेल्या सामानात ती मुलं इतक्या वेळा आपटायला तयार झाली असती का, याची मला शंका आहे.

सुट्या सामानाचे त्रास मात्र खरे आहेत आणि ते बहुतेक आयोजकाच्या डोक्यावर येतात. गोळा करायलाच महिना जातो. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस लागतंच, कारण ब्लेड आणि ग्लू गन आहे. ग्लू गनचा चटका कुणाला ना कुणाला बसतोच. थंड पाण्याची बादली शेजारी हवी आणि कापण्याचं टेबल वेगळं हवं. आमच्याकडच्या मे महिन्यात घामानं चिकटपट्टी धरत नाही, तेव्हा सुतळीनं बांधायला पहिल्याच दिवशी शिकवावं. वळवाच्या पावसात वीज गेली तरी सुतळीचं काम चालू राहतं, हा त्यातला आणखी एक फायदा.

मोटारीची गाडी करताना एक गोष्ट आधीच टाळता येते. बहुतेक जण पिवळ्या गिअरच्या बीओ, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या लहान, मोटारी आणतात, त्या छान असतात, पण सोबत चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आणतात. ती दिसायला जोरकस, पण मोटारीला लागतो तेवढा करंट तिला देता येत नाही. दोन मोटारी लावल्या की गाडी थोडा वेळ पळते आणि मग कण्हते. मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. चार पेन्सिल सेल, होल्डरमध्ये घालून, हेच द्या. इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनची नळी वापरून जेसीबीचा हात करणार असाल तर नळीत पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा दबते, पाणी दबत नाही, म्हणून बुडबुडा असेल तर हात लिबलिबीत चालतो. अर्थात, एका गटाला बुडबुडा राहू द्यायला हरकत नाही. त्यांचा हात का लचकतो ते सगळ्या वर्गानं मिळून शोधलं तर उत्तमच.

मधला मार्गही आहे. मायक्रोबिट नावाचं पत्त्याहून लहान बोर्ड, ज्यावर पंचवीस लहान दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. ब्रिटनमध्ये २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ते सरसकट वाटलं होतं. पुठ्ठ्याच्या वस्तूवर एक बोर्ड बसवलं की तिला थोडी समज येते, आणि मोजायला गटामागे एकच वस्तू. सातवी-आठवीच्या गटाला मी आता हेच सुचवतो, पण शिबिराच्या पाचव्या दिवशी, हातानं केलेली वस्तू आधी तयार असताना. आर्डुइनो हे तसंच प्रोग्रॅम करायचं बोर्डही चांगलं, पण ब्रेडबोर्डवरच्या, म्हणजे भोकांच्या जोडपट्टीत नुसत्या खोचलेल्या, तारा लहान मुलांच्या हातून सारख्या निघतात. नववीच्या आत मला तो खटाटोप वाटतो.

तेव्हा मुलं आठवीच्या पुढची असतील, त्यांना प्रोग्रॅमिंगचीच ओढ असेल, मदतीला माणसं कमी असतील आणि खोली आठवडाभर तुमच्याच ताब्यात राहणार असेल, तर किट घ्या, काही बिघडत नाही. त्याहून लहान मुलं आणि चार हौशी मोठी माणसं असतील तर सुटं सामान घ्यावं असं मला वाटतं. माणसांमध्ये एक निवृत्त फिटर किंवा सुतार असला तर फारच बरं. त्याला शिकवता येतं का हे विचारू नका. त्याला नुसतं करवत घेऊन मुलांशेजारी बसू द्या.

सामानाची ऑर्डर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या. लहान गावात बीओ मोटारी एकगठ्ठा मिळत नाहीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवाव्या लागतात. गटाला एक असा हिशेब न करता मुलाला एक असा करा आणि वर पाच-सहा जास्त घ्या. काही जळतात, आणि उरलेल्या सगळ्या शेवटच्या दिवशी मुलांबरोबर घरी जाणार आहेत.