ड्युअल बूट लॅपटॉप: विंडोज पुन्हा टाकायची की उबुंटू?

पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही असतात, चालू करताना एक निवडायची. एक बिघडली की दुसरीही जाईल ही धास्ती. कोणतीही पुन्हा टाकायची तर तिचा इन्स्टॉलर ठेवायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळेल.

उबुंटू पुन्हा टाकणं तुलनेने सोपं. इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल पार्टिशनिंग (डिस्कचे भाग स्वतः ठरवणं) निवडा आणि फक्त जुनं ईएक्सटी४ रूट पार्टिशन, म्हणजे उबुंटू बसलेला भाग, फॉरमॅट करा. ईएफआय पार्टिशन (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा भाग) वापरायचं, पण फॉरमॅट करायचं नाही. विंडोजचा बूटलोडर, म्हणजे ती सुरू करणारा प्रोग्रॅमही तिथेच राहतो. तुमच्या फायलींचं होम पार्टिशन वेगळं असेल तर तेही तसंच ठेवा. मग ग्रब (उबुंटूचा बूटलोडर) मेनूत विंडोज बहुधा आपोआप दिसते. नाही दिसली तर ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारा ग्रबचा साथीदार प्रोग्रॅम) बंद आहे का ते पाहा, ग्रब २.०६ पासून तो मूळातच बंद असतो.

विंडोजचं काम जास्त जपून. तिच्या इन्स्टॉलरमध्ये फक्त सी ड्राइव्हचं पार्टिशन फॉरमॅट करा. उबुंटूची पार्टिशनं तिथे नावाशिवाय दिसतात, म्हणून त्यांचे आकार आधीच लिहून ठेवा. रिकामी समजून डिलीट केली की संपलं! नंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये उघडतो, पण उबुंटू गेलेली नसते. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) बूट क्रम बदलून उबुंटू वर आणा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. ईएफआय नसलेल्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या मशीनवर मात्र लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच उबुंटू चालवून) ग्रब परत बसवावा लागतो.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर कोणताही पर्याय निवडा, ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी हवी. माझं मत विचाराल तर दोन्ही बिघडल्या असतील तेव्हा आधी विंडोज, मग उबुंटू.