लिनक्स मिंट, आठ महिन्यांनी : इन्स्टॉल सोपं, प्रिंटर आणि मराठी फाइली आधी तपासा

यंत्र : सहाव्या पिढीचा आय५ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज ११ साठी आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे हा लॅपटॉप त्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.१ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, सिनॅमन डेस्कटॉप (मेनू आणि खिडक्या दाखवणारा भाग). मधे अपडेट मॅनेजरच्या 'एडिट' मेनूतूनच २२.२ वर गेलो, फॉरमॅट करावं लागलं नाही. २२ ची सगळी मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत आहेत.

मिंटबद्दल बहुतेक लोक 'दिसायला विंडोजसारखं आहे' एवढं सांगून थांबतात. ते खरं आहे, पण त्याने काही ठरत नाही. मेनू आणि टास्कबारची सवय दोन दिवसांत होते. मशीन कामाचं राहणार की नाही हे ठरतं प्रिंटरवर, जुन्या मराठी फाइलींवर आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर. म्हणून इन्स्टॉलचं थोडक्यात उरकतो.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, जवळपास ३ जीबीची, पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. रूफस या सॉफ्टवेअरने ती पेन ड्राइव्हवर लिहायच्या आधी चेकसम (फाइल शाबूत आहे का ते दाखवणारा आकडा) जुळवून घ्या. डाउनलोड अर्धवट खराब असेल तर इन्स्टॉल मधेच अडकतं आणि दोष लॅपटॉपवर जातो. विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्यात फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि मिंटमधून डी ड्राइव्ह उघडला तर फक्त वाचता येतो, त्यात काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड'वर असतं, ते 'एएचसीआय' करावं लागतं. (विंडोज ठेवलं असेल तर ते आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल असं करून मगच बदला, नाहीतर निळा पडदा.)

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवणारे भाग) खूण करा. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर तिथे एक पासवर्ड मागतो. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' येतं, तिथे तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा जेमतेम १० सेकंद थांबतो. चुकला की मशीन नेहमीसारखं सुरू होतं, पण एनव्हिडियाचा किंवा ब्रॉडकॉम वाय-फायचा ड्रायव्हर लोड होत नाही, आणि का होत नाही ते कुठे दिसत नाही. वाय-फायच नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर घ्या.

भाषा निवडताना 'इंग्रजी (अमेरिका)' तसंच ठेवू नका, 'इंग्रजी (भारत)' घ्या. तारखेचा क्रम आणि रुपयाचं चिन्ह तर नीट होतंच, पण खरं कारण कागद. अमेरिकन सेटिंगमध्ये कागदाचा मूळ आकार लेटर धरला जातो. ट्रेमध्ये ए४ असतो, प्रिंटर लेटरची वाट बघत दिवा लुकलुकवत बसतो आणि माणूस काडतूस काढून हलवत बसतो.

प्रिंटरचं एकंदर असं आहे. गेल्या काही वर्षांतले वाय-फायवाले प्रिंटर ड्रायव्हरशिवाय आपोआप यादीत येतात. इंक टँकवाले एप्सनही बिनबोभाट चालतात. एचपीचा जुना १०२० मात्र दरवेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरचं आतलं सॉफ्टवेअर) मागतो. ते एचपीच्या लिनक्स टूलबॉक्समधून प्लगइन उतरवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद काही बाहेर येत नाही. प्लगइन एकदा बसवलं की सुरळीत. सगळ्यात जास्त डोकेदुखी कॅननच्या एलबीपी २९०० ची. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसणारं हे यंत्र 'कॅप्ट' नावाची कॅननची स्वतःचीच भाषा बोलतं. लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण त्याला जुन्या ३२ बिट लायब्ऱ्या लागतात आणि मागे एक वेगळी सेवा चालू ठेवावी लागते. ती अधूनमधून मान टाकते. रोज पन्नास प्रिंट काढायच्या असतील तर त्या प्रिंटरसाठी विंडोजच ठेवा, हट्ट करू नका.

आता मराठी. टायपिंगची सोय विंडोजपेक्षा उजवी आहे, हे स्पष्ट सांगतो. सेटिंगमध्ये कीबोर्ड, लेआउट, तिथे मराठीचे दोन मिळतात : इनस्क्रिप्ट आणि कागप फोनेटिक. गमभनची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या सोयीचं 'एम१७एन' पॅकेज टाका, त्यात गमभनही आहे. इनपुट मेथड म्हणून आयबस निवडून एकदा लॉगआउट करा. यादीत इंग्रजी पहिल्या क्रमांकावर राहू द्या. मराठी वर गेली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत उमटतो (ठिपकेच दिसतात, त्यामुळे कळतही नाही).

इनस्क्रिप्टमध्ये 'दुसऱ्या' लिहिताना 'र' आणि हलन्त घेतला तर 'आर्या'मधला रफार येतो. शिफ्ट दाबून जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य. तेव्हाच पाऱ्या, वाऱ्या, दऱ्या नीट उमटतात. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर दोष फॉन्टचा नाही, भाषेच्या खुणेचा आहे. नोटो सान्स देवनागरीत मराठी वळणाची अक्षरं आहेतच, पण मजकूर मराठी आहे हे त्याला कळावं लागतं. लिब्रे ऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला हिंदीऐवजी मराठी करा, आधी लिहिलेला मजकूर निवडून त्यालाही मराठी लावा. पाकळीचा ल लगेच दिसतो.

जुन्या फाइलींचं प्रकरण वेगळं. मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये केलेली वर्डची फाइल उघडते, पण ते फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे असल्याने मिंटमध्ये नसतात. बदली फॉन्टची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं पडतं. दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर सहीपुरता उतरतो. उपाय एकच : देवघेवीच्या फाइलींचा फॉन्ट मुक्ता किंवा नोटो ठरवून टाका, दोन्ही फुकट आहेत, आणि अंतिम प्रत पीडीएफमध्येच पाठवा. श्रीलिपी किंवा शिवाजीमधल्या फाइली तर युनिकोडच नाहीत. त्यांचा फॉन्ट बसवला की वाचता येतात, दुरुस्त करता येत नाहीत, कारण ते टंकणारं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. अशा फाइलींचा ढीग असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि र्‍ह, क्ष, ज्ञ, रफार डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो.

वेग चांगला आहे. सुरू झाल्यावर सिनॅमन साधारण एक ते सव्वा जीबी रॅम घेतं. ४ जीबीच्या यंत्रावर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क ठेवून वेगाची अपेक्षा करू नका, आधी एसएसडी. यूट्यूबवर पंखा ओरडत असेल तर कारण प्रोसेसरमध्ये आहे : सहाव्या पिढीची चिप एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ ग्राफिक्सच्या भागात उलगडते, व्हीपी९ आणि एव्ही१ या प्रकारांचा भार सीपीयूवर पडतो. एच.२६४ मधलाच व्हिडिओ मागणारं ब्राउझर एक्स्टेंशन टाकलं की पंखा शांत.

सिस्टिमच्या प्रती घेणारं टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा, पण रोजच्या तीन-चारच प्रती ठेवा, नाहीतर डिस्क भरते. ते फक्त सिस्टिम परत आणतं, घरच्या फोल्डरमधले फोटो नाही. त्यांचा बॅकअप वेगळा. अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप काढायची खूण आहे, तीही करून ठेवा.

जीएसटी आणि आयकराचं ओटीपीवर भागणारं काम ब्राउझरमध्ये होतं. मॅक्रोवाल्या एक्सेल युटिलिटी लिब्रे ऑफिसमध्ये चालत नाहीत. टॅली विंडोजचंच. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारं साधन) हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सहीच्या टोकनसाठीही विंडोजचं ८० जीबीचं विभाजन राखून ठेवणं सोपं. फक्त एक गोष्ट. मिंट मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. दुपारी साडेतीनला विंडोजमध्ये सकाळचे दहा दिसतात आणि पीडीएफवरच्या सहीत तीच वेळ जाते. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल'ची 'सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा एकदा दिली की साडेपाच तासांचा फरक जातो. त्यावर टर्मिनल इशारा देतं, पण भारतात उन्हाळी वेळ नसल्याने इथे त्याचा त्रास होत नाही.