हिरव्या पट्ट्यातली पोर आणि साडेअठरा हजारांची पावडर

मी साताऱ्यात एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात आहे. लोकांचे सातबारे, पगारपत्रकं, जामीनदारांच्या सह्या तपासणं हे माझं रोजचं काम. सहीतली एक वेलांटी हलली तरी फाइल परत पाठवते. हे आधीच सांगून टाकते, कारण ही माझ्याच फसवणुकीची गोष्ट आहे आणि पुढचं वाचताना "एवढं साधं कसं कळलं नाही हिला?" असं तुमच्या मनात येणारच आहे. माझ्याही येतं.

लेक तेव्हा अडीच वर्षांची होती, वजन 10.9 किलो. दिवसभर बडबड, जिन्यावर चढउतार, पण ताट समोर आलं की तोंड घट्ट मिटायची. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा चौदा किलोंचा. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई "वाळलीय गं पोर" म्हणून जायची. सासूबाईंचं मत वेगळं होतं. "हिचा बाप असाच होता, नुसती काडी. भूक लागली की खाईल." मला ते जुन्या वळणाचं बोलणं वाटायचं. मला खात्रीची माहिती हवी होती, आणि तीही रात्री अकरा वाजता, मोबाइलवर.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं बालसंगोपनाच्या एका व्हॉट्सॲप गटाची लिंक पाठवली. गट चालवणाऱ्या बाईंच्या नावाआधी 'डॉ.' होतं. पहिले तीन आठवडे काही विकणं नाही, पैशाचा शब्द नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वर्षाच्या आत मीठ-साखर नको, लसी वेळेवर, दोन वर्षांखाली मोबाइल दाखवू नका. सगळं बरोबर. सरकारी पत्रकांतलंच उचललेलं होतं, त्यामुळे चुकणार कुठे? मी दोन-तीन गोष्टी आमच्या डॉक्टरांना विचारून पडताळून पाहिल्या, त्या खऱ्या निघाल्या आणि माझा विश्वास बसला. आधी वीस दिवस खरं फुकट वाटायचं आणि मग एक खोटं विकायचं, हे गणित मला तेव्हा दिसलं नाही.

मग एका रविवारी ऑनलाइन सत्र झालं. त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाचा वाढीचा तक्ता दाखवला. एकच रेघ, वर हिरवं, खाली लाल. आम्ही आपापल्या मुलांची वजनं पाठवायची आणि बाई त्यावर ठिपका टाकायच्या. माझ्या लेकीचा ठिपका लाल भागात पडला. "मेंदूची वाढ तीन वर्षांपर्यंतच होते, तुमच्याकडे सहा महिने उरलेत," असं त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. त्या रात्री मी झोपले नाही.

इथे थांबून ती रेघ काय होती ते सांगते, कारण सगळी फसवणूक त्या एका रेघेत होती. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते खरे आहेत, आपल्या अंगणवाड्यांतही तेच वापरतात. पण त्यात रेघा अनेक असतात. मधली रेघ म्हणजे मध्यक: निरोगी मुलांपैकी निम्मी मुलं तिच्या खालीच असतात. ती पास-नापासाची रेघ नाही. अडीच वर्षांच्या मुलीसाठी ती साधारण 12.7 किलोवर येते. काळजीची रेघ तिच्या बरीच खाली, 10 किलोच्या आसपास. माझी लेक या दोन रेघांच्या मधे होती, म्हणजे ठीक होती. बाईंनी बाकीच्या रेघा पुसून फक्त मधली ठेवली होती. त्यामुळे गटातल्या निम्म्या आया घाबरणार हे ठरलेलंच होतं. (आणि मेंदूची वाढ तीन वर्षांनी कुलूप लावून बंद होत नाही. पहिली वर्षं महत्त्वाची असतात हे खरं, पण त्या खऱ्याला मुदत चिकटवली की त्याची धमकी होते.)

पुढचं झरझर झालं. 499 रुपयांची 'वैयक्तिक तपासणी', म्हणजे वीस प्रश्नांचा फॉर्म. उत्तर आलं, पोषणात गंभीर तूट. मग तीन महिन्यांची पावडर आणि मार्गदर्शन, 18,500 रुपये. आज भरले तर. उद्यापासून 24,000. कोड स्कॅन केला तर नाव दुसऱ्याच कुठल्या ट्रेडर्सचं दिसलं. विचारलं, तर म्हणाल्या, "हिशोब आमचे मिस्टर बघतात." कर्जदारानं असं उत्तर दिलं असतं तर मी फाइल तिथेच बाजूला ठेवली असती. इथे मात्र पिन टाकला.

पावडर दुधातून सकाळ-संध्याकाळ, वर मधल्या वेळेलाही एकदा. महिन्यानं वजन केलं, 11.4. मी गटात पेढ्यांचे फोटो टाकले! नंतर ध्यानात आलं की पहिलं वजन त्यांनी सकाळी उपाशीपोटी, कपडे काढून घ्यायला सांगितलं होतं आणि दुसरं संध्याकाळचा ग्लास पिऊन झाल्यावर. पाव लिटरचा ग्लासच पाव किलो भरतो. कपडे आणि दिवसभराचं खाणं धरा. दोन ताळेबंद एकाच तारखेचे नसतील तर तुलना करू नये, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवते.

दुसऱ्या महिन्यात लेक मेतकूट-भातालाही तोंड लावेना. पोट कडक, शी करताना रडायची. बाईंना कळवलं, तर "शरीर शुद्ध होतंय" असं उत्तर आलं आणि सोबत 9,800 रुपयांचा प्रतिकारशक्तीचा पॅक. तेव्हा पहिल्यांदा मी नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर आलं, "मी न्यूट्रिशनची डॉक्टर आहे, एमबीबीएसवाल्यांना आहारातलं काय कळतं?" मी तोच प्रश्न गटात सगळ्यांसमोर विचारला. मिनिटभरात स्क्रीनवर ओळ आली की मला गटातून काढलं आहे. मधूनमधून काही आया अचानक बोलायच्या बंद झाल्या होत्या, त्या कंटाळून गेल्या असाव्यात असं मी समजत होते.

बालरोगतज्ज्ञांनी दहा मिनिटांत सांगितलं. मुलगी दुधानंच पोट भरते, म्हणून जेवत नाही. दूध दिवसाला दोन कप, अर्ध्या लिटरच्या वर नाही. जास्त दुधानं जेवण मारलं जातं, लोह कमी पडतं, बद्धकोष्ठताही होते. म्हणजे जो त्रास होता त्याच्यावरच मी साडेअठरा हजारांची भर घातली होती. "लसींचं कार्ड आणलंय?" त्यांनी विचारलं. माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत होतं. मी ते फक्त लसींच्या तारखांसाठी उघडायचे. त्याच कार्डात मुलींचा वाढीचा तक्ता छापलेला असतो: हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. आम्ही 10.9 चा ठिपका टाकला. हिरव्यात.

घरी येऊन डबा वाचला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिली साखर, दुसरं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, तिसरी दूध पावडर. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांकही होता आणि पैसे भरताना मी त्यालाच भुलले होते. तो अन्नाचा धंदा करायचा परवाना असतो. पावडरीनं मूल वाढतं असं त्यात कुणी लिहून देत नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचं नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत ऑनलाइन शोधता येतं. मी शोधलं. नव्हतं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन दोन महिने झाले होते. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात, तेव्हाच रक्कम खात्यात अडवता येते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार आहे. क्रमांक मिळाले, पैसे नाही. चॅट, पावती, डब्याचे फोटो मात्र जपून ठेवलेत. सत्र चालू असतानाच स्क्रीनशॉट घेतले असते तर त्यातला तो तक्ताही हाती राहिला असता.

पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लागते. पेढ्यांचे फोटो टाकले त्या आठवड्यात मी कोरेगावच्या मावसबहिणीला गटात घेतलं होतं. तिचा मुलगा दीड वर्षाचा. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या अन्नाच्या जाहिरातींना आपल्याकडे 1992 च्या कायद्यात 2003 साली झालेल्या दुरुस्तीनं बंदी आहे, म्हणून गटात त्या वयासाठी पावडरीचा विषय कधी निघत नसे. तिला मात्र बाईंनी खाजगीत फोन केला. मी फोन केला तेव्हा तिचे 499 गेले होते आणि बाकीच्यासाठी ती अंगठी मोडायच्या विचारात होती. मी सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तूच म्हणालीस ना, खात्रीचं आहे?"

गेल्या महिन्यात लेक तीन वर्षांची झाली. अंगणवाडीत वजनकाट्यावर उभी केली, सकाळी, चप्पल काढून. 11.7. तीन वर्षांच्या मुलीची मधली रेघ 13.9 वर असते, म्हणजे अजून ती रेघेखालीच आहे. ताईंनी हिरव्या पट्ट्यात ठिपका टाकला, कार्ड माझ्या हातात दिलं आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.