प्लेटमागचा डबा: एक पावसाळा काढल्यावर

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराचं वायरिंग गेल्या मार्चमध्ये नव्याने केलं. स्विच कोणते, प्लेट पांढरी की राखाडी, यावर घरात आठवडाभर खल झाला. भिंतीत गाडायच्या डब्यांकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही. "काका, डबे मी आणतो," वायरमन म्हणाला, मीही मान डोलावली. आता वर्ष होत आलं आणि ज्या काही तक्रारी आहेत त्या डब्यांच्याच.

स्वयंपाकघरात पीव्हीसीचे डबे लागले. मिक्सरचा प्लग दिवसातून चारदा निघतो. गणपतीच्या सुमारास प्लगबरोबर अख्खी प्लेटच हातात यायला लागली. मेन बंद करून खोललं, तर ज्या कानात स्क्रू बसतो त्याचे आटेच गेलेले. वायरमनने भोकात हिराची काडी घालून स्क्रू आवळला. तो दिवाळीपर्यंत टिकला! शेवटी भिंत फोडून जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा डबा टाकला आणि हिरवी अर्थिंगची वायर डब्यालाही जोडून घेतली. धातूच्या डब्याला ती हवीच. बरेच जण फक्त सॉकेटला जोडून मोकळे होतात.

गीझरचं दुखणं वेगळं. मॉड्यूल म्हणजे प्लेटवरची एका साध्या स्विचएवढी जागा. १६ अँपिअरचं सॉकेट दोन मॉड्यूल, स्विच एक, म्हणून ३ मॉड्यूलचा डबा. हिशोब चोख, पण ४ चौरस मिलिमीटरच्या ताठ वायरी वळायच्या कुठे? प्लेट दाबून बसवली होती. त्या ताणाने न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला आणि सॉकेटचं एक भोक पिवळं पडलं. आता तिथे ४ मॉड्यूलचा खोल डबा आहे, उरलेल्या जागी डमी, म्हणजे नुसतं झाकण. वायरी सैल बसल्यात, प्लेट बोटाने लागते.

म्हणून सगळीकडे जीआय घ्या असंही नाही. पावसाची झड येते त्या पडवीच्या भिंतीत जीआयचा डबा होता, श्रावणातच प्लेटखालून गंजाचा ओघळ उतरला. तिथे पीव्हीसीच बरा. हॉलमधला १२ मॉड्यूलचा पीव्हीसी डबा मात्र भोवती सिमेंटचा माल भरताना मधोमध आत दबला. प्लेटखालची फ्रेम कानसून बसवावी लागली.

८ मॉड्यूलचा डबा आडवाही येतो, चौकोनीही. प्लेट सोबत नेऊन जुळवा, मी दोन खेपा घातल्या.

वरच्या खोलीचं काम आता सुरू आहे. डबे मीच आणले, गिलाव्याच्या जाडीची खूण करून दिली, आणि पाइपात माल जाऊ नये म्हणून प्रत्येक डब्यात जुनं वर्तमानपत्र कोंबूनच गवंड्याच्या हाती दिले.