घराच्या रक्षणासाठी वीस बोअरची पंप-ॲक्शन शॉटगन: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरासाठी बंदूक घ्यायची म्हटलं की सगळी चर्चा ताकदीपाशी येऊन अडकते. कुठल्या गोळीने माणूस जागच्या जागी थांबतो, बारा बोअर बरी की नऊ एमएमचं पिस्तूल, वगैरे. काही महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या मोठ्या माणसाला अंधारात, छातीत धडधडत असताना जी नीट चालवता येईल, ती घराची बंदूक. आमच्याकडे ते माणूस म्हणजे माझी बायको. हाडापेराने बारीक, त्यात डावखुरी. म्हणून आम्ही वीस बोअरची पंप-ॲक्शन शॉटगन घेतली, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायची छर्ऱ्यांची बंदूक. साडेअठरा इंची नळी, आखूड दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा भाग), बाकी काही नाही.

ज्यांना बोअरचा हिशेब उलटा वाटतो त्यांच्यासाठी: नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड भरतो, तो हा आकडा. म्हणून आकडा मोठा तर नळी बारीक. बाराची नळी साधारण 18.5 मिलिमीटर, विसाची 15.6. घरासाठी आम्ही वापरतो ते काडतूस 3 नंबर बकशॉटचं, म्हणजे जाड छर्ऱ्यांचं; त्यात साधारण 6.4 मिलिमीटरचे वीस छर्रे असतात.

आधी धक्क्याबद्दल, कारण वीस बोअर घेणारे बहुतेक जण त्यासाठीच घेतात. धक्का निम्म्यावर येईल असं धरून चालाल तर निराश व्हाल. वीस बोअरची बंदूक वजनालाही हलकी असते, त्यामुळे काडतुसाने वाचवलेलं बरंचसं बंदूक परत घेते. बाराच्या जड बंदुकीत कमी धक्क्याची काडतुसं घातली तर फरक फारसा उरत नाही, आणि बाराला बकशॉटचे प्रकारही कितीतरी जास्त मिळतात. तुमच्या घरातल्या सगळ्यांना ती पेलत असेल तर बाराच घ्या.

आमच्यासाठी खरा फरक पडला तो दस्त्याच्या लांबीने. नेहमीचा दस्ता चौदा इंचांच्या आसपास असतो, धिप्पाड माणसाच्या मापाचा. तो लांब पडला की माणूस कंबरेतून मागे झुकतो, पंपाच्या मुठीपर्यंत हात ताणून पोचतो, आणि पहिलाच बार उडवताना तोल जातो. दुकानात एक साधी परीक्षा करता येते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोट चापापर्यंत सहज पोचलं तर माप बरोबर. आखूड दस्ता उंच माणसाला चालतो, लांब दस्ता बुटक्याला चालत नाही. दोघांनी मिळून वापरायची असेल तर एवढ्यावरच निर्णय होऊ शकतो.

दुसरं, सेफ्टीची, म्हणजे चाप अडवून ठेवणाऱ्या खटक्याची, जागा. मॉसबर्ग 500 सारख्या बंदुकींत ती वर, अंगठ्याखाली असते. रेमिंग्टन 870 सारख्यांत चापामागे आडवं बटण असतं, नेहमीच्या रचनेत उजव्या हाताला सोयीचं. पहिली 1960च्या सुमाराची, दुसरी 1950ची, आणि दोन्ही भरवशाच्याच. पण डावखुऱ्या माणसाने वरची सेफ्टी बघावी. आमच्या बंदुकीला तशीच आहे.

आता पंपाबद्दल. पंप-ॲक्शन कधी अडकत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. बंदूक सहसा अडकत नाही हे खरं, माणूस अडकतो. बार झाल्यावर मूठ पार मागे, शेवटपर्यंत, ठोका लागेल इतकी ओढावी लागते. रेंजवर शांतपणे हे जमतं. दमल्यावर किंवा घाईत हात शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावरून परत फिरतो. मग एक तर रिकामं टरफल बाहेर न पडता परत चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) जातं, किंवा पुढचं काडतूस वर न येता चेंबर रिकामाच बंद होतो. चाप ओढला की नुसतं टक्. बायकोचं हे बऱ्याचदा झालं, माझंही झालं. उपाय एकच, नकली काडतुसं घालून घरी सराव, मूठ मोडेल की काय इतक्या जोरात मागे-पुढे. सोबत ढकल-ओढ शिका: पुढच्या हाताने मूठ पुढे ढकलायची, मागच्या हाताने दस्ता खांद्यात ओढायचा. धक्का दोन हातांत विरतो, आणि दुसरा बार उडवेपर्यंत नळी जागेवर राहते. एवढा सराव करायची तयारी नसेल तर पंप घेऊ नका, सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, बघा.

शॉटगनला नेम धरावा लागत नाही, हे ज्याने पसरवलं त्याने कधी कागदावर बार टाकून पाहिला नसावा. खोलीच्या अंतरावर, म्हणजे पाच-सहा मीटरवर, आमचे वीसच्या वीस छर्रे पसरलेल्या पंजाएवढ्या जागेत बसतात. पंजाभर नेम चुकला की सगळेच बाहेर. आणि बाहेर गेलेला छर्रा भिंतीत जिरत नाही. जिप्सम बोर्डच्या पार्टिशनमधून बकशॉट आरपार जातो, पिस्तुलाची गोळीही जाते. त्यामुळे आम्ही दोघांनी बंदूक न घेता घरभर फिरून पाहिलं: झोपायच्या खोलीतून दाराकडे बार झाला तर मागे काय आहे, मुलीची खोली कुठल्या रेषेत येते. एका कोपऱ्यातून बार टाकायचाच नाही, हे त्यात ठरलं. बाकी योजना छोटी आहे. मुलीला आपल्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, पोलिसांना फोन करायचा आणि तिथेच थांबायचं. घर तपासत फिरायचं नाही. नुसता पंपाचा खटका ऐकून चोर पळतो, असंही लोक म्हणतात. पळाला तर उत्तम, पण दुसऱ्याच्या भित्रेपणावर योजना आखता येत नाही.

टॉर्च हवाच, पण दोन. बंदुकीवरचा टॉर्च जिकडे, तिकडे नळीही रोखलेली असते, म्हणून समोर कोण आहे हे बघायला वेगळा हातातला टॉर्च ठेवा. अपरात्री पाणी प्यायला उठलेलं आपलंच माणूस असू शकतं. बंदुकीवरच्या टॉर्चच्या पकडीचे स्क्रू धक्क्याने ढिले होतात, आमचे झाले, दर सरावानंतर आवळावे लागतात. शिवाय बंद खोलीत शॉटगनचा आवाज 150 डेसिबलच्या वर जातो, आणि 140 पुढे एका बारानेही कान कायमचे दुखावू शकतात. बारीक आवाज वाढवणारे आणि मोठा आवाज तोडणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ बंदुकीच्या कपाटातच टांगले आहेत.

शॉटगनचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ती ठेवायची कुठे. पिस्तूल पुस्तकाएवढ्या पेटीत मावतं. मीटरभर लांबीची बंदूक पलंगाजवळ, कुलपात आणि तरी लवकर हाताशी ठेवणं कठीण. आम्ही उभी लोखंडी पेटी भिंतीला बोल्टने जखडली. पहिली पेटी बोटाच्या ठशावर उघडणारी होती, ओल्या हाताला ती दाद देत नसे. ती परत करून यांत्रिक बटणांची घेतली, बॅटरीची भानगड नाही, अंधारात चाचपून उघडते. आत बंदुकीचा चेंबर रिकामा, काडतुसं फक्त मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या नळकांड्यात. या बंदुका खाली पडल्या तर उडणारच नाहीत याची खात्री नसते, म्हणून चेंबर भरून ठेवणं मला पटत नाही. आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवता: घरात कुणी नैराश्यातून जात असेल तर बंदूक घेऊ नका, असेल तर घराबाहेर सुरक्षित ठेवा. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे एकामागून एक अभ्यासांत दिसलेलं आहे. अशा घराला मजबूत दार, चांगलं कुलूप आणि कुत्रा पुरे.

घरात आधीच बारा बोअर असेल तर वीस आणू नका. विसाची काडतुसं पिवळी असतात, त्याला कारण आहे. विसाचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं तर पुढे घसरून नळीत अडकतं, चेंबर रिकामा दिसतो, मागून बाराचं काडतूस बसतं, आणि बार झाला की नळी फुटते. दोन्ही असतीलच तर काडतुसं वेगवेगळ्या कपाटांत, आणि रेंजवर एका वेळी एकच बंदूक.

देखभाल फारशी नाही. नळी पुसायची, थोडं तेल. पंपाची मूठ जराशी खुळखुळते, त्याने काही बिघडत नाही. मात्र मॅगझिनमध्ये महिनोन् महिने स्प्रिंगखाली दाबून राहिलेली प्लास्टिकची काडतुसं कधीकधी फुगतात आणि चेंबरमध्ये घट्ट बसतात. म्हणून आत भरलेली काडतुसं आम्ही अधूनमधून रेंजवर उडवून टाकतो आणि त्याच दिवशी नवी भरतो.